कलम आठ तोंडपाठ

कशेळी म्हटले की बऱ्याच मराठी माणसांना राजापूरची कशेळी आठवते, कनकादित्याच्या देवळाची. आमची कशेळी ती नव्हे. आमची भिवंडी तालुक्यातली. ठाण्याहून बाळकुम सोडून खाडीवरचा पूल ओलांडला, की धुळीतून जे गाव दिसू लागते ते आमचे. तुम्ही घरबसल्या मागवलेला मिक्सर तुमच्या दारी येण्याआधी बहुधा आमच्या परिसरातल्या एखाद्या गोदामात मुक्काम करून आलेला असतो. डोक्यावर मेट्रो पाचचे खांब आहेत आणि खांबांखाली ट्रक आहेत. त्या ट्रकांच्या मधून वाट काढणाऱ्या प्राण्याला शासकीय भाषेत नागरिक म्हणतात.

या नागरिकाची पहिली अडचण पत्त्याची. गाव ग्रामपंचायतीचे, पंचायत समिती भिवंडीची, जिल्हा परिषद ठाण्याची, बांधकामांचे नियोजन एमएमआरडीएचे, आणि जाहिरातीत फ्लॅट मात्र ठाण्यातला. त्यामुळे रस्त्यात खड्डा पडला तर तो कोणाचा, हे ठरवायलाच आधी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. कायद्याने ही अडचण ओळखून कलम ६(३) लिहिले आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्या कार्यालयाने तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा. हे कलम आमच्यासाठीच लिहिले असावे. आमच्याकडचा अर्ज गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीएला जाऊन येतो, म्हणजे आमच्यापेक्षा जास्त फिरतो. कशेळीच्या पुलावरची संध्याकाळची वाहतूक लक्षात घेता पाच दिवस ही मुदत जरा कडकच म्हणायची.

आपले राज्य या विषयात वरच्या वर्गातले. देशाच्या माहिती अधिकार कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली १५ जून २००५ रोजी आणि तो पूर्णपणे लागू झाला १२ ऑक्टोबरला. महाराष्ट्राने त्याआधीच, २००२ सालचा म्हणून ओळखला जाणारा स्वतःचा कायदा केला होता, आणि त्यामागे अण्णा हजारे यांची उपोषणे होती. देश धडा गिरवायला बसला तेव्हा आपल्या पाट्या भरून पुसूनही झाल्या होत्या. एवढ्या अनुभवानंतर आपल्याकडच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षणाची गरज पडू नये. तरी कायद्याने ती सोय केली आहे, आणि ती कशी केली आहे हे पाहण्यासारखे आहे.

कलम २६ सांगते की सरकारने या कायद्याबद्दल लोकांना शिक्षण द्यावे आणि माहिती अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे. मात्र हे सगळे पैसा आणि इतर साधने हाताशी असतील तेवढ्याच प्रमाणात. घरपट्टी भरायला जाताना अशी सवलत मागून पाहा. या कलमात क्रमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. लोकांचे शिक्षण पहिल्या खंडात आहे आणि अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण चौथ्यात. प्रत्यक्षात चौथे आधी होते आणि पहिल्याची पाळी येईपर्यंत साधने संपलेली असतात.

प्रशिक्षणाची शिखर संस्था म्हणजे पुण्याची यशदा. तिथे शिकवणारी माणसे जाणती आणि पुस्तके चांगली. पण डोंगरावरचे पाणी खाली येता येता जे होते ते ज्ञानाचेही होते. राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला असे उतरत ते एखाद्या मंगल कार्यालयात पोचते, तोवर त्याला भजीचा वास लागलेला असतो.

निमित्त बहुधा २८ सप्टेंबरचे. हा आपल्याकडे माहिती अधिकार दिन म्हणून साजरा होतो. आठवडाभर आधी पत्र निघते आणि त्यात शेवटी उपस्थित राहण्याची दक्षता घ्यावी, असे असते. मग प्रत्येक कार्यालय दक्षता घेते. ज्याच्याकडे माहिती असते तो कामात असतो, म्हणून ज्याच्याकडे नसते त्याला पाठवले जाते. वेळ दहाची असते. प्रमुख पाहुणे अंजूर फाट्याला अडकलेले असल्यामुळे आरंभ सव्वाअकराला होतो. दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद करतात. ज्योत स्थिर राहते, सभागृह वितळते. पुष्पगुच्छाऐवजी रोप देतात आणि ते रोप परत जाताना गाडीत ठेवायचे कोणी, यावर पाहुण्यांच्या चालकाचा आणि शिपायाचा शांत वाद होतो.

त्यानंतर व्याख्याते पडद्यावर कायदा उघडतात. कलम एक: संक्षिप्त नाव, विस्तार आणि प्रारंभ. कायदा ३१ कलमांचा आहे आणि व्याख्याते प्रामाणिक असतात, म्हणून ते पहिल्यापासून निघतात. व्याख्यांच्या कलमात पहिली रांग गळते, कलम चारपाशी पोळ्यांचा वास येतो. दिवसभरात अधिकारीवर्गाने मागितलेली पहिली माहिती म्हणजे जेवण किती वाजता. ती मात्र कायद्यातल्या मुदतीचे तीस दिवस वाट न पाहता, विनाशुल्क आणि अचूक मिळते.

जेवणानंतर कलम आठ. इथे चमत्कार होतो. जे घोरत होते ते ताठ बसतात. वह्या उघडतात, पेने मागून घेतली जातात. कारण कलम आठ म्हणजे कोणती माहिती द्यायची नाही याची यादी. त्यात दहा खंड आहेत आणि ते सभागृहातल्या प्रत्येकाला हवे असतात. मग शंकासमाधान सुरू होते.

“सर, एकच माणूस दर आठवड्याला अर्ज देतो.”

“मग दर आठवड्याला उत्तर द्या.”

“सर, त्याला माहिती कशाला पाहिजे हे विचारता येईल का?”

“कलम सहा दोन. कारण विचारता येत नाही.”

सभागृहात शांतता पसरते. मग मागच्या रांगेतून हळूच आवाज येतो, “सर, सहज म्हणून विचारलं तर?”

माहिती कशी द्यावी, कोणत्या नोंदवहीत शोधावी, नीट कशी लावून ठेवावी, याविषयी प्रश्न येत नाही. इथे व्याख्यात्यांचा दोष नाही आणि ऐकणाऱ्यांचाही फारसा नाही. नोकरीत आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून कागद सांभाळायला शिकवलेले असते, आणि सांभाळणे म्हणजे कपाटाला कुलूप, असे तो समजून चाललेला असतो. एका दिवसाच्या प्रशिक्षणात, तेही जेवण वजा जाता, ते कुलूप निघत नाही. उलट त्याला आणखी एक किल्ली मिळते.

अशा किल्ल्यांमधली सर्वांत लोकप्रिय म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २०११ सालचा आदित्य बंदोपाध्याय निकाल. सरकारी कार्यालयांतल्या ७५ टक्के कर्मचाऱ्यांचा ७५ टक्के वेळ माहिती गोळा करण्यात जावा असे देशाला नको, अशा आशयाचे एक वाक्य त्यात आहे. ते अधिकारीवर्गाला देवघरातल्या आरतीसारखे पाठ असते. याच निकालाने विद्यार्थ्यांना स्वतःच्या उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला, हे मात्र आरतीनंतर प्रसाद न घेता निघून गेल्यामुळे पुष्कळांना ठाऊक नसते.

कलम आठचे दहा खंड पाठ असले तर कलम चारमधल्या सतरा बाबीही पाठ हव्यात. कुठल्याही सार्वजनिक कार्यालयाने कोणी न मागता, आपण होऊन जाहीर करायच्या या गोष्टी. कार्यालयाची कामे कोणती, निर्णय कोण आणि कसे घेते, अंदाजपत्रक किती, अनुदान कोणाला मिळाले, कर्मचाऱ्यांचा पगार किती. आणखी एक गंमत या यादीत आहे: कार्यालयाच्या समित्यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्ते पाहायला मिळतात का, हेसुद्धा जाहीर करायचे. यासाठी कायद्याने १२० दिवस दिले होते. ती मुदत २००५ सालीच संपली. त्यानंतर दरवर्षी नूतनीकरण करायचे. आपण होऊन जाहीर केलेली माहिती शोधायला अनेक कार्यालयांत गेलो तर भिंतीवर माहिती अधिकाऱ्याच्या नावाची पाटी तेवढी सापडते, आणि पाटीवरचे साहेब बदली होऊन निवृत्तही झालेले असतात.

सतरा बाबी नीट लावल्या तर निम्मे अर्ज येणारच नाहीत. हे प्रशिक्षणात सांगतात, पण सकाळी, पोळ्यांच्या वासात.

उत्तरांचे वाङ्मय हा वेगळा विभाग. अर्जदाराला महाराष्ट्राच्या नियमांनी २०१२ पासून शिस्त लावली आहे: एका अर्जात एकच विषय आणि साधारणतः १५० शब्द. आपल्याकडे व्यासपीठावरील मान्यवरांची नावे घेण्यातच १५० शब्द जातात. पण अर्जदार शिकला. जोडपत्र ‘अ’ भरतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतो आणि प्रश्न दोन ओळींत उरकतो. उत्तराला मात्र शब्दमर्यादा नाही. ते उपरोक्त विषयास व संदर्भास अनुसरून सुरू होते, संदर्भ एक ते चार यांची परिक्रमा करते आणि शेवटी कळते की सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर आढळून येत नाही. दुसरा प्रकार ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’. तिसरा म्हणजे ‘आपण समक्ष येऊन अवलोकन करावे’. हा खरे तर उत्तम प्रकार, कारण कागद पाहण्याचा पहिला तास फुकट असतो. पण अर्जदार समक्ष येतो तेव्हा कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते प्रशिक्षणाला गेलेले असतात.

आणि फाइल सापडत नसेल तर? खाडीकाठच्या कुठल्याही कार्यालयाला यावर रामबाण उत्तर ठाऊक आहे: २६ जुलै २००५ चा पूर. तारखा पाहा. कायदा जूनमध्ये मंजूर, ऑक्टोबरमध्ये लागू, आणि मधोमध जुलैत पूर. इतका सोयीचा मुहूर्त कुठल्या पंचांगात निघाला नसता. त्या पाण्यात खरोखरच लोकांचे संसार बुडाले, हे भिवंडीकराला सांगायला नको. पण २०११ सालची बिले २००५ च्या पाण्यात वाहून गेली असे ऐकले की आपण विज्ञानात फार मागे राहिलो असे वाटते. राज्याचा सार्वजनिक अभिलेख कायदाही २००५ सालचाच म्हणून ओळखला जातो. कागद बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रशिक्षणाच्या पडद्यावर ही पाटी सहसा शेवटी येते. तेव्हा सगळे प्रमाणपत्रासाठी नावातल्या ऱ्हस्व-दीर्घाची खात्री करून घेत असतात.

आता सभा. खुल्या सभेचा आपला मोठा नमुना म्हणजे ग्रामसभा.  गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. वर्षाला किमान चार सभा. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा धरतात, म्हणजे झेंड्याबरोबर लोकशाहीही उरकते. नियमित सभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतली जी कमी असेल ती. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे पहिल्या वेळी शंभर माणसे नसतील तर लोकशाही चालत नाही, आणि दुसऱ्या वेळी दहा असली तरी धावते. यातले मर्म ज्याला कळले त्याला वेगळ्या प्रशिक्षणाची गरज नसते.

आमच्यासारख्या गावात ग्रामसभेला दोन जातीचे लोक येऊ शकतात. एक गावठाणातले, दुसरे टॉवरमधले. टॉवरवाल्याचे मत अजून मुलुंडच्या नाहीतर दादरच्या यादीत असते. म्हणून पाणी, कचरा आणि गटार यांवर तो पोटतिडकीने बोलतो ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर, जिथे ना सरपंच असतो ना इतिवृत्त. चुकून सभेला आलाच तर सोसायटीच्या वार्षिक सभेच्या सवयीने लेखापरीक्षण अहवालाची प्रत मागतो आणि आजूबाजूचे दचकतात. गावठाणातल्या माणसाला सभेत कोण कोणाच्या बाजूला बसले आहे, यावरूनच पुढचे सगळे कळते. त्याला प्रत लागत नाही.

विषयपत्रिकेतला पहिला विषय दर वेळी तोच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय सर्वांत वेगाने मंजूर होतो, कारण वाचून हा शब्द सोडून बाकीचा अमलात येतो. एखाद्याने वाचायला सांगितलेच, तर बाकावरून कोणीतरी म्हणतो, “आथां वाचून काय होनार?” सभेत झाले काय आणि लिहिले काय, यांत अंतर पडते ते इथेच. सभेत ज्या ठरावावर खुर्च्या सरकल्या, तो वहीत सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर असा शांत झोपलेला असतो. सह्यांच्या वहीत शंभराचा आकडा सभा संपल्यावर पूर्ण होतो, हा अनुभव अनेक गावांचा. आयत्या वेळचे विषय मात्र ज्यांना आधीच ठाऊक असतात, तेच वेळेवर येतात.

कायदा इथेही दात दाखवतो. सरपंचाने पुरेशा कारणाशिवाय सभा घेणे टाळले तर त्याचे पद जाऊ शकते आणि सचिवावरही कारवाई होऊ शकते. म्हणून सभा होतात. पण खुली सभा घेणे आणि सभा खुली ठेवणे, यांतला फरक कोणत्याही पडद्यावर दाखवत नाहीत.

दुसरीकडे काय करतात? अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात २००६ पासून नियम आहे. निवडून आलेल्या किंवा नेमलेल्या पदाधिकाऱ्याने पदावर आल्यापासून ९० दिवसांत खुल्या सभांच्या आणि खुल्या कागदपत्रांच्या कायद्याचे प्रशिक्षण घ्यायचे. प्रत्येक विषयाला किमान एक तास, दोनपेक्षा जास्त नाही. दीपप्रज्वलन नसल्यामुळे ते वेळेत बसत असावे. यातला खरा खोडसाळपणा पुढे आहे. पदाधिकाऱ्याने प्रशिक्षण घेतल्याची नोंद कार्यालयाने ठेवायची आणि ती कोणालाही पाहायला खुली असायची. म्हणजे माहिती कशी द्यावी हे शिकलात का, हीच पहिली माहिती. हे आपल्याकडे आणले तर सदस्यांची पहिली मागणी कलम आठ लागू करा, अशी येईल. पण टेक्सासवाले फार पुढे गेलेले नाहीत. सदस्याने प्रशिक्षण घेतले नाही म्हणून त्या संस्थेचा निर्णय रद्द होत नाही, असेही त्यांनी लगेच लिहून ठेवले आहे. राजकारणी सगळीकडे सारखेच, फक्त टोप्या वेगळ्या.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्याला आपण वर्षानुवर्षे ग्रामसेवक म्हणत आलो त्याचे नाव २०२४ मध्ये ग्रामपंचायत अधिकारी झाले. नाव वाढले, माणूस तेवढाच राहिला. जन्ममृत्यूची नोंद, घरपट्टी, पाणीपट्टी, घरकुल, रोजगार हमी, वृक्षारोपण, जयंत्या आणि वरून आलेले ‘आजच माहिती पाठवा’ हे सगळे त्याच्याकडे. त्यात दहा वर्षांच्या सर्व पावत्यांच्या प्रती मागणारा अर्जदारही त्यालाच भेटतो. मुदत टळली तर दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, तोही स्वतःच्या पगारातून. एवढेच की तो दंड बसायला प्रकरण आयोगापर्यंत जावे लागते, आणि आपल्या राज्य माहिती आयोगापुढच्या प्रलंबित प्रकरणांचा ढीग अलीकडच्या वर्षांत लाखावर गेलेला. तिथली तारीख येईपर्यंत अर्जदार आणि अधिकारी एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाऊन येतात.

आणि अर्ज करणारा प्रत्येक जण ब्लॅकमेलर, हे प्रशिक्षणातल्या चहापानाचे आवडते वाक्यही तपासून घ्यावे. तळेगाव दाभाडे येथे माहिती अधिकारातून जमिनींचे व्यवहार बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. दहा रुपयांच्या स्टॅम्पची ती किंमत होती. जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या आमच्या पट्ट्यात हे नाव चहापानाआधी एकदा घ्यायला हरकत नाही.

म्हणून माझे मत असे, की हे प्रशिक्षण सभागृहातून उचलून ग्रामसभेत आणावे. अधिकारी, सदस्य आणि गावकरी यांना एकाच बाकावर बसवावे. पडदा नको, रोप नको. कलम चारच्या सतरा बाबी मोठ्याने वाचाव्यात आणि प्रत्येक बाबीचा कागद कुठल्या कपाटात आहे हे त्याच वेळी दाखवावे. तासाभरात काम होईल. कलम आठ शिकवायची गरज नाही, ते सगळ्यांना येते.

तोवर वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महापालिका, जिल्हा परिषदांसारख्या संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच कागद पाहायला मिळतात. तेव्हा एखाद्या सोमवारी जाऊन या. आणि पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय पुकारला की फक्त एवढे म्हणा, “वाचून दाखवा.” आणि वाचून होईपर्यंत उठू नका.